तीन सिट्रस आणि एक सेल

गणपती बसायला दहा दिवस होते. मखराचं सामान काढायला आईने मला माळ्यावर चढवलं, तर मखराच्या खोक्याआधी हाताला लागला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत दादाचा गेमबॉय ॲडव्हान्स एसपी, म्हणजे हातात धरून खेळायचं जुनं गेमयंत्र, चार्जर आणि हिरव्या पारदर्शक प्लास्टिकची पोकेमॉन एमराल्ड या गेमची कार्ट्रिज. २००६ साली मामाने अमेरिकेहून आणलेली. नावाला दादाची, पण दादा क्लासला गेला की माझी.

चार्ज करून चालू केला. सुरुवातीलाच इंग्रजीत काहीतरी आलं, ते न वाचता मी बटण दाबून पुढे गेले. दादाचा खेळ जिथे थांबला होता तिथेच उभा. गेममधल्या पिशवीत तीन सिट्रस बेरी, म्हणजे खेळात पेरून उगवायची फळं, समोर मऊ मातीचा रिकामा तुकडा. एक पेरली, वेलमर पेलने, म्हणजे खेळातल्या झारीने, पाणी घातलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आल्यावर पाहते तर माती जशीच्या तशी. मग पुन्हा चालू करून तो मजकूर वाचला: आतली बॅटरी संपली आहे, गेम खेळता येईल, पण घड्याळावर अवलंबून असलेल्या गोष्टी यापुढे घडणार नाहीत.

म्हणजे माझी एक सिट्रस जमिनीत गाडली गेली, कायमची. पेरलेली बेरी परत उकरून काढता येत नाही.

सिट्रसचं एवढं काय? खेळात आपल्यासाठी लढणारे प्राणी म्हणजे पोकेमॉन; त्यांच्यातल्या एकाच्या हातात ती दिली, की लढाईत त्याचा जीव निम्म्यावर किंवा खाली आला रे आला, तो ती आपणहून खातो आणि सावरतो. आपली चाल वाया जात नाही. एमराल्डमध्ये ३० एचपी, म्हणजे जीवाचे गुण, भरून निघतात. तिची धाकटी बहीण ओरन १० वरच थांबते. ओरन १२ तासांत पिकते, सिट्रसला २४ तास लागतात: सहा-सहा तासांचे चार टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला पाणी घातलं तर फळं जास्त. हे तास खरे, आपल्या भिंतीवरच्या घड्याळातले. पिकल्यावर तोडायला विसरलात तर फळ गळून पडतं आणि तिथेच पुन्हा कोंब येतो.

दिसायला पिवळी, गोल, जाड सालीची. इंग्रजी नावावरून आम्ही तिला लिंबू समजायचो. पण जपानीत तिचं नाव ओबोन आहे, आणि जपानीत पपनसाला झाबोन म्हणतात हे कळल्यावर मला ती मंडईतल्या पपनसासारखीच दिसायला लागली. ऐन गणपतीत ढीग लागतात ती. आई सुरीने वरून चार चिरा देते आणि अंगठा घालून पांढरी गादी सोलते, तेव्हा घरभर जो वास सुटतो, तो मी उगीचच या खेळातल्या फळाला देऊन टाकला आहे.

तर, सेल. कार्ट्रिजमधल्या घड्याळाला स्वतःचा नाण्याएवढा सेल असतो, सीआर १६१६. १६ मिलिमीटर व्यास, १.६ मिलिमीटर जाडी. एमराल्डचा सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, मात्र सेलशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत राहतो, त्यामुळे सेल काढला तरी दादाची फाइल पुसली जाणार नव्हती. हे तीनदा खात्री करून घेतलं आणि शनिवारी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेले.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी तपकीर गल्लीत जायचं नसतं, हे मला, जन्माने पुणेकर असून, कळायला हवं होतं. अख्खं पुणं लाइटिंगच्या माळा घ्यायला लोटलेलं. पहिल्या दुकानदाराने कार्ट्रिज हातात घेऊन उलटसुलट केली.

"काय आहे हे?"

"गेम आहे. आतला सेल बदलायचाय. १६१६."

"१६१६ नाहीये. १६२० आहे. तेच ते."

तेच ते नव्हतं. १६२० हा २ मिलिमीटर जाड. त्या पॉइंट चार मिलिमीटरसाठी झाकण बसेना, तर त्याने वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि दीडशे रुपये घेतले. मीही दिले, कारण मागे माळावाल्यांची रांग होती आणि माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. घरी येईपर्यंत आतली तार निघाली होती.

दुसऱ्या खेपेला शेजारच्या मोबाइलवाल्याने "वर काकांकडे जा" म्हणून जिना दाखवला. काका कपाळावर भिंग चढवून बसलेले. चिकटपट्टी काढून आत पाहिलं आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

"हे कुणी केलं?"

मी सांगायला तोंड उघडलं.

"नको, सांगू नका. सेलवर डायरेक्ट सोल्डर मारलाय. असा सेल तापवला तर फुटतो, ताई. याला पत्तीवाला लागतो, पत्त्या आधीच वेल्ड केलेल्या. दोन दिवसांनी या."

दोन दिवसांनी गेले तर सेल आलेला. काकांनी तीन पाकळ्यांचा स्क्रू उघडला, नवा सेल ठेवला, अधिक-वजा दोनदा पाहिलं, दोन थेंब सोल्डर. फुंकर. चार मिनिटांत झालं. "खेळता का यात? माझा मुलगा पण खेळायचा," एवढंच म्हणाले. चहा पाजला आणि पैसे पहिल्या दुकानापेक्षा कमी घेतले.

घरी आले. तो मजकूर गायब! दुसरी सिट्रस पेरली, पाणी घातलं. चोवीस तासांनी पाहिलं, काही नाही. छत्तीस तासांनीही काही नाही.

इथे मी खरंच रडकुंडीला आले. शोधाशोध केल्यावर कळलं ते असं: नवा सेल बसला की आतलं घड्याळ १ जानेवारी २००० पासून पुन्हा सुरू होतं. पण दादाच्या फाइलीत झाडांची शेवटची नोंद त्याच्या कितीतरी वर्षं पुढची. गेमच्या हिशेबाने आज ही कालच्या आधी आली आहे. ते अंतर भरून निघेपर्यंत, म्हणजे पुन्हा तेवढीच वर्षं, एक पान हलणार नाही. उपाय सरळ: नवा खेळ सुरू करायचा. आणि एमराल्डमध्ये सेव्हची जागा एकच, म्हणजे दादाची फाइल पुसावी लागणार.

दादाला नाशिकला फोन लावला. वाटलं होतं म्हणेल, उडव. तो गप्प झाला. मग म्हणाला, "बंटी आहे त्यात."

बंटी म्हणजे त्याचा स्वॅम्पर्ट जातीचा पोकेमॉन. लेव्हल ६८, एचपी २४०.

बंटीला बाहेर काढायची एक वाट होती. निन्टेन्डो डीएस या पुढच्या यंत्रावरच्या पोकेमॉन पर्ल या गेममध्ये पाल पार्क नावाची जागा आहे. डीएस लाइटच्या खालच्या खाचेत जुनी कार्ट्रिज घातली की चोवीस तासांत सहा पोकेमॉन तिकडे नेता येतात. परतीचं तिकीट नाही. माझ्या मैत्रिणीच्या भावाकडे दोन्ही होतं, पण त्याने यंत्र एकाच संध्याकाळसाठी दिलं. म्हणजे सहाच. कोणते सहा यावर दादाने मला सव्वा तास फोनवर धरलं. चाळिशीकडे झुकलेला माणूस, दोन मुलांचा बाप, "पेलिपर ठेव गं, तिने मला पहिल्यांदा उडवत नेलं" म्हणून अजीजी करतोय. पेलिपर, त्याची पक्षी पोकेमॉन, घेतली. माझ्या आवडीचा एकही गेला नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

त्यातही मेख होती. सर्फसारखी एचएम चाल, म्हणजे एरवी विसरता न येणारी खास चाल, येणारा पोकेमॉन पाल पार्क घेत नाही, आणि बंटीला सर्फ येत होतं, पेलिपरला फ्लाय. म्हणून आधी लिलीकोव्ह शहरात चाली विसरायला लावणाऱ्या म्हाताऱ्याकडे दोघांना नेलं. शेवटची, तिसरी सिट्रस बंटीच्या हातात दिली आणि पाठवलं. पर्लमध्ये हीच बेरी एकूण जीवाच्या पाव हिश्श्याइतकी भरते. इथे ३० देणारी तिथे बंटीला ६० देणार. दादाला हे सांगितल्यावर तो जरा निवळला.

अनंत चतुर्दशीच्या रात्री बाहेर ढोल वाजत असताना मी नवा खेळ सुरू केला. लिटलरूट गावातल्या घरात, वरच्या खोलीतलं घड्याळ लावायचं असतं, ते माझ्या मोबाइलवर बघून मिनिटाला मिनिट लावलं. पहिली ओरन बारा तासांत आली. सिट्रस मिळेपर्यंत मात्र अख्खा पितृपक्ष खेळण्यात गेला.

घटस्थापनेच्या दिवशी रात्री दहाला पेरली. सहा तासांचा हिशेब केला आणि पहाटे चारचा गजर लावला. अंधारात स्क्रीन उघडली. मातीतून दोन पानं वर आली होती.

गजराने आई उठली. देवघरातला घट तिने सकाळीच पेरला होता. दारात उभी राहून म्हणाली, "एवढ्या पहाटे पाणी घालायचं नसतं, झोप."

मी घातलं. फोटो काढून दादाला पाठवला. सव्वाचारला निळी टिक झाली.