तुम्ही विचारलंत म्हणून: तत्त्वज्ञान शिकवता आणि वाइन पिता?

लग्नात, स्टाफरूममध्ये, गंगापूर रोडला भाजी घेताना, कुठेही विचारतात. "सर, तत्त्वज्ञान शिकवता आणि वाइन पिता, जमतं कसं?" आणि चेहऱ्यावर ते हसू, पकडलं की नाही वालं. आजवर हसून सोडून दिलं, आता लिहूनच टाकतो.

एपिक्युरस, तो जुना ग्रीक तत्त्वज्ञ, म्हटलं की तुम्हाला खा-प्या-मजा करा आठवतं. अहो, तो माणूस भाकर-पाण्यावर राहायचा, आणि मित्राला लिहितो की चीजचं एक मडकं पाठव, म्हणजे मनात आलं की चैन करीन. सुख म्हणजे सततच्या दारूपार्ट्या नव्हेत, शरीराला दुखणं नाही आणि मनाला घोर नाही, हे त्यानं स्वच्छ लिहून ठेवलंय. चार्वाकाच्या नावावर कर्ज काढून तूप प्या असं आहे. तूप! दारू तुम्ही घातलीत. प्लेटो तर 'लॉज' नावाच्या ग्रंथात म्हणतो अठराच्या आत वाइन नकोच, तिशीपर्यंत बेतानं, चाळिशीनंतर जरा मोकळीक. मी पन्नाशी ओलांडलीय.

तर एकच ग्लास, जेवणासोबत, माणसांत बसून, चव घेत. तब्येतीला चांगली असते वगैरे मी म्हणत नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्येच सांगितलंय की कितीही कमी घेतली तरी सुरक्षित नाही. मी चवीसाठी पितो. वर्गात हेच सांगायचो, की ज्याला प्रमाण कळलं त्याला सुख कळलं, आणि मला ते पूर्ण पटायचंही.

मग तात्यांचं झालं. तात्या म्हणजे माझे चुलते, निफाडकडे द्राक्षबाग, गळ्यात माळ, दारूला आयुष्यात शिवले नाहीत. राज्याच्या 2001 च्या वाइन धोरणानंतर सगळीकडे वायनऱ्या निघाल्या तेव्हा यांनीही थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढून करारावर शिराज ही वाइनची जात लावली. 2008 ची मंदी, त्यात 26/11, मागणी बसली. 2009 च्या हंगामात वायनरीचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखर मोजायची दुर्बीण, घेऊन आला, मणी चिरडला, काचेवर रस टाकून डोळ्याला लावला, म्हणाला साखर भरलीय तात्या, दोन दिवसांत गाडी पाठवतो. गाडी आली नाही. फोन लागेना. मणी सुकायला लागले, बागेत नुसत्या मधमाश्या. शेवटी चार क्रेट घेऊन आम्ही दोघं पिंपळगावच्या बाजारात गेलो, तर व्यापाऱ्यानं एक मणी तोंडात टाकला, बी थुंकली आणि म्हणाला, "बारीक मणी, जाड साल, वर बी. तात्या, हे खाणार कोण?"

एप्रिलमध्ये वेलींच्या खरड छाटणीच्या ऐवजी बाग उपटायला जेसीबी आला. तात्या रडले-बिडले नाहीत, बांधावरून ओरडत होते, "अँगल वाकवू नको रे, तार गुंडाळून घे आधी." संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर मला विचारलं, "तू पितोस ना ती? कशी लागते?"

मी म्हटलं, जांभळासारखी तुरट, मागून जरा मिरी.

"मग जांभळंच खायची की."

यावर प्लेटोचं काय उत्तर आहे ते मला सांगा. तेव्हाचा मी म्हणाला असता की बाजार वेगळा, आस्वाद वेगळा, आणि मी न प्यायल्यानं तात्यांच्या खात्यात रुपया जमा होणार होता का? नव्हता. हे मी आजही म्हणतो. पण मग मी प्यायल्यानं तरी कुठे झाला? एपिक्युरसच्या हिशोबात घोर ज्याचा त्याला, फार तर मित्राचा. ज्याच्या बागेतून ग्लास भरतो त्याचा घोर कुठल्या खात्यात टाकायचा, हे मला त्याच्यात सापडलेलं नाही, आणि तरी मी पितो, आवडीनं पितो, शिराजच पितो.

मागच्या दिवाळीत तात्या मुक्कामाला होते, तेव्हा बाटली कपाटातून काढलीच नाही. मान राखला की लाज वाटली, मला ठरवता येईना. बायको म्हणते दोन्ही नाही, घाबरलात.