सत्तावीस डाव आणि मोहऱ्यांच्या मारामारीचा प्रश्न

गेल्या वर्षभरात मी पुणे, सांगली आणि कोल्हापूर परिसरातील तीन खुल्या बुद्धिबळ स्पर्धांमध्ये खेळले. प्रत्येक स्पर्धा स्विस पद्धतीची (दर फेरीत जवळपास सारखे गुण असलेले खेळाडू समोरासमोर येतात) आणि नऊ फेऱ्यांची होती. प्रत्येक डावाला नव्वद मिनिटे आणि खेळीगणिक तीस सेकंदांची वाढ मिळत होती. एकूण सत्तावीस डावांपैकी दहा मी जिंकले, सहा बरोबरीत सुटले आणि अकरा हरले. माझे गुणांकन, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, १५८६ वरून १५६१ वर आले. या २५ गुणांच्या घसरणीचे मला फारसे दुःख नाही, कारण १५८६ हा आकडाही पूर्णपणे मी पटावर मिळवलेला नव्हता. फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, १ मार्च २०२४ रोजी २००० च्या खालील खेळाडूंचे गुणांकन एकदाच वाढवून दिले. २००० पासून खेळाडू जितका खाली असेल, त्या अंतराचे चाळीस टक्के त्याच्या गुणांत मिळवले गेले, आणि त्या हिशेबाने माझे १३१० एका रात्रीत १५८६ झाले. आकडा असा बाहेरूनही बदलत असेल, तर आपली प्रगती डावांमध्येच शोधायला हवी, असे मला त्याच वेळी वाटले होते. तरीही नीट पद्धत ठरवून ते काम हाती घ्यायला आणखी एक वर्ष गेले.

आधी पद्धत सांगते, कारण निष्कर्ष तिच्यातूनच निघाले. फिडेच्या नियमांनुसार नोंदपत्रकावर खेळींखेरीज घड्याळातील वेळ आणि बरोबरीचे प्रस्तावही लिहिता येतात. मनातले विचार मात्र लिहिता येत नाहीत. त्यामुळे मी प्रत्येक खेळीसमोर उरलेली मिनिटे लिहू लागले. डाव संपल्यावर प्रतिस्पर्धी तयार असेल तर त्याच्यासोबत बाजूच्या खोलीत बसून डाव पुन्हा मांडायचा. त्याच रात्री संगणक न उघडता वहीत लिहून काढायचे की कोणत्या खेळीला मी काय पाहिले, काय नाकारले आणि कशाची भीती वाटली. हे त्याच रात्री करणे आवश्यक आहे. दुसऱ्या दिवशी मन स्वतःच्या चुकीला सोयीस्कर कारणे शोधू लागते, आणि जे आपण पाहिलेच नव्हते ते पाहिले होते असे खरोखर वाटू लागते. स्पर्धा संपून किमान एक आठवडा झाल्यावरच स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे संगणकीय इंजिन सुरू करायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि सत्तावीसपैकी पंचवीस डावांत तो पाळला.

इंजिनाला शेवटी बसवण्यामागे माझे एक ठाम मत आहे. स्टॉकफिश १५.१ या आवृत्तीपासून त्याच्या आकड्यांची मोजपट्टी अशी बसवलेली आहे की +१.०० म्हणजे पांढऱ्याची जिंकण्याची शक्यता सुमारे पन्नास टक्के. पण ही शक्यता दोन्ही बाजूंनी इंजिनच खेळत असतानाची आहे. माझ्या पातळीवर +१.०० ची स्थिती सहज हरता येते आणि −१.०० ची जिंकता येते. इंजिन आधी पाहिले की आपण आकड्यातील चढउतार वाचतो आणि जिथे आकडा घसरला त्या खेळीपुढे प्रश्नचिन्ह लावून मोकळे होतो. ती खेळी ज्या विचारातून आली, तो विचार मात्र तसाच राहतो आणि पुढच्या स्पर्धेत दुसऱ्या स्थितीत, दुसऱ्या मोहऱ्यांसह परत येतो. माजी विश्वविजेते मिखाईल बोटविनिक यांचा आग्रह होता की खेळाडूने स्वतःच्या डावांचे विश्लेषण करावे आणि ते प्रसिद्ध करून इतरांच्या टीकेसाठी खुले ठेवावे. ते खेळत होते तेव्हा आजच्यासारखी इंजिने नव्हती, पण स्वतःच्या विचाराला बाहेरचा तपासनीस हवा, ही त्यामागची गरज आजही तितकीच खरी आहे.

ही तपासणी सुरू करण्यापूर्वी माझी पक्की समजूत होती की मी ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांत, कमी पडते. या समजुतीपायी मी दोन वर्षे कारो-कान आणि फ्रेंच या काळ्याच्या दोन प्रचलित बचावांविरुद्धच्या खेळ्यांच्या ओळी पाठ करण्यात घालवली. प्रत्यक्षात अकरा पराभवांपैकी ओपनिंगमुळे गेलेले डाव केवळ दोन निघाले. आणखी तीन डाव साध्या डावपेचात मोहरे गमावल्याने गेले, त्यांत शिकण्यासारखे फार काही नाही. रोज कोडी सोडवणे हाच त्यावरचा उपाय आहे. उरलेले सहाच्या सहा पराभव एकाच ठिकाणी सुरू झाले होते, आणि ते ठिकाण म्हणजे मोहऱ्यांची मारामार, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांची मोहरी मारून केलेली अदलाबदल.

मग मी प्रत्येक डावातील अशी प्रत्येक जागा वेगळी काढली, जिथे मारामार करणे आणि ती टाळणे असे दोन्ही मार्ग खरोखर खुले होते. अशा चौसष्ट जागा सापडल्या. त्यांपैकी एकोणपन्नास वेळा मी मारामार केली, आणि त्यातले एकतीस निर्णय घड्याळाच्या नोंदीनुसार दोन मिनिटांच्या आत घेतले होते. वहीत त्या रात्री लिहिलेली कारणे वाचताना मात्र मी थांबले. ‘जोखीम कमी होईल’, ‘स्थिती सोपी होईल’, ‘तिचा घोडा त्रासदायक वाटला’ अशी वाक्ये पुन्हा पुन्हा आली होती. मारामारीनंतर पटावर काय उरेल याचा उल्लेख त्यांपैकी फार थोड्या ठिकाणी होता. मी पटावरून काय जाते हे पाहत होते आणि काय राहते याकडे दुर्लक्ष करत होते.

पहिल्या स्पर्धेतील चौथ्या फेरीचा डाव या बाबतीत सर्वांत बोलका आहे. माझी मोहरी पांढरी होती आणि समोर अकरा वर्षांची मुलगी होती. कारो-कानविरुद्ध मी नेहमीप्रमाणे पानोव्ह हल्ला खेळले (घराच्या नावातले अक्षर स्तंभ दाखवते आणि आकडा ओळ): ई४ सी६, डी४ डी५, प्याद्यांची मारामार, मग सी४ घोडा एफ६, घोडा सी३ ई६, घोडा एफ३ उंट ई७, सी४ च्या प्याद्याने डी५ वर मारामार आणि तिने घोड्याने परत मारल्यावर उंट डी३. येथे पांढऱ्याच्या वाट्याला डी४ वर एकाकी प्यादे येते. पटावर मोहरी भरपूर असतील तोवर हे प्यादे सामर्थ्य असते. ते ई५ च्या घराला आधार देते, तिथे घोडा बसवता येतो, आणि उंट व वजीर काळ्याच्या राजाकडे रोखता येतात. मोहरी कमी होत गेली की त्याच प्याद्याचे ओझे होते, कारण त्याचे रक्षण करायला शेजारी दुसरे प्यादे नसते. हे मला ठाऊक होते, कोणी विचारले असते तर मी नीट समजावूनही सांगितले असते. तरीही तिने घोडा पुन्हा डी५ वर आणताच मी जी५ वरील उंटाने ई७ वरचा उंट मारला आणि तिने सी६ वरच्या घोड्याने तो परत घेतला. पाठोपाठ मी डी५ वर घोडे मारले, आणि तिचा दुसरा घोडा ई७ वरून त्याच घरात येऊन माझ्या प्याद्यासमोर ठाण मांडून बसला. मग मीच वजिरांची मारामार केली. त्यानंतर तिला फक्त हत्ती डी स्तंभावर आणायचे होते.

डाव संपल्यावर ती म्हणाली, “काकू, तुम्ही मारत गेलात ना, त्यामुळे मला त्या प्याद्याशिवाय दुसरीकडे बघायलाच लागलं नाही.” माझ्या वहीतील संपूर्ण पानापेक्षा या एका वाक्यात डावाचे निदान अधिक नेमके आहे. हा विषय पुढे अभ्यासायचा असे ठरल्यावर मी १९८१ च्या मेरानो येथील जागतिक अजिंक्यपद लढतीतील नववा डाव पुन्हा मांडला. त्यात कोर्चनॉय यांच्याकडे पांढरी मोहरी आणि डी४ वरील एकाकी प्यादे होते. कार्पोव्ह यांनी हलक्या मोहऱ्यांची मारामार करवून घेतली, हत्ती आणि वजीर त्याच स्तंभावर रचले आणि डाव जिंकला. कार्पोव्ह यांना जे प्रयत्नाने घडवून आणावे लागले, ते मी माझ्या प्रतिस्पर्धी मुलीला स्वतःहून करून दिले होते. हा डाव पूर्वी मी किमान दोनदा पाहिला होता. मात्र दोन्ही वेळा मी तो काळ्याच्या बाजूने, कौतुकाने पाहिला. पांढऱ्याच्या जागी बसून कुठली मारामार टाळता आली असती, हे एकदाही शोधले नव्हते.

दुसरे उदाहरण हत्तींच्या एंडगेमचे, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्याचे आहे आणि ते अधिक वेदनादायक आहे, कारण तिथे माझा हिशेब जवळजवळ बरोबर होता. दुसऱ्या स्पर्धेच्या सहाव्या फेरीत माझी मोहरी काळी होती. पांढऱ्याचा राजा ई३ वर, हत्ती डी४ वर आणि एकमेव प्यादे ई२ वर. माझा राजा ई६ वर आणि हत्ती डी८ वर. खेळी माझी होती. मी हत्तींची मारामार केली, त्याने राजाने डी४ वर परत मारले आणि मी राजा डी६ वर नेऊन समोरासमोर उभा केला. राजे असे एक घर सोडून समोरासमोर असताना ज्याची खेळी नसते त्याच्याकडे ऑपोझिशन असते. ऑपोझिशन माझ्याकडे आहे, म्हणजे बरोबरी, असे मी गृहीत धरले. त्याने शांतपणे ई३ खेळले. आता खेळी माझी, राजा हलवणे भाग, आणि ऑपोझिशन त्याच्याकडे गेले. राजा ई६ वर नेला तर तो ई४ वर येतो, सी६ वर नेला तर ई५ वर शिरतो, आणि दोन्हीकडे प्यादे अखेर वजीर होते. त्याच स्थितीत प्यादे आधीपासून ई३ वर असते, तर त्याच्याकडे राखीव खेळी उरली नसती आणि माझे गणित बरोबर ठरले असते. एका घराच्या फरकाने अर्धा गुण गेला.

याहून महत्त्वाचे म्हणजे मारामारीची गरजच नव्हती. हत्ती बाजूला नेला असता तर माझा राजा प्याद्याच्या पुढेच उभा होता आणि फ्रेंच खेळाडू फिलिडोर यांनी अठराव्या शतकात दाखवलेली बचावपद्धत उपलब्ध होती. बचाव करणाऱ्याने राजा प्याद्याच्या बढतीच्या घराजवळ ठेवायचा आणि हत्ती सहाव्या ओळीत उभा करून समोरच्या राजाला त्या ओळीत येऊ द्यायचे नाही. प्यादे सहाव्या ओळीत सरकले की राजाला आडोसा उरत नाही, तेव्हा हत्ती थेट पहिल्या ओळीत नेऊन मागून शह देत राहायचे. ही पद्धत मला येत होती. वहीत मात्र त्या रात्री मी लिहिले आहे: ‘हत्ती ठेवले तर पन्नास खेळ्या बचाव करत बसावे लागेल.’ म्हणजे मला बरोबरीचा मार्ग दिसत होता, पण त्या कष्टाची धास्ती घेऊन मी जिथे निकाल लगेच लागेल अशा स्थितीकडे धावले. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे अचूक उत्तर टेबलबेस, म्हणजे आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींचा संगणकीय साठा, क्षणात देते. माझ्या मनात त्या मिनिटाला काय चालले होते, याचे उत्तर फक्त वहीत सापडले.

बरोबरीचे प्रस्ताव हाही याच सवयीचा भाग निघाला. प्रस्ताव दिला की तो नोंदपत्रकावर कंसातील बरोबरच्या चिन्हाने नोंदवावा, असा नियम आहे, त्यामुळे मोजणी सोपी होती. मी नऊ प्रस्ताव दिले होते आणि त्यांपैकी पाच वेळा स्थिती माझ्या बाजूने चांगली होती. पाचही वेळा समोरच्याचे गुणांकन माझ्यापेक्षा अधिक होते.

तिसऱ्या स्पर्धेपूर्वी मी एकच बदल केला. मारामार करण्याआधी, ती कितीही स्वाभाविक वाटली तरी, मारामारीनंतरची स्थिती मनात मांडून कोणाचे कोणते मोहरे उरते याचे उत्तर शोधायचे आणि त्यासाठी किमान चार मिनिटे द्यायची. सातव्या फेरीत फ्रेंच बचावाविरुद्ध याचा प्रत्यय आला. ई४ ई६, डी४ डी५, ई५ सी५, सी३ आणि मग काळ्याने बी६ खेळले. हेतू उघड आहे: स्वतःच्याच प्याद्यांमागे अडकलेला पांढऱ्या घरांचा उंट ए६ वर नेऊन माझ्या चांगल्या उंटाशी बदलायचा. पूर्वी मी अशा वेळी बिनदिक्कत मारामार करत असे. या वेळी उंटाने बी५ वर शह दिला, त्याने डी७ वर उंट मध्ये घातल्यावर मी उंट डी३ वर परत घेतला, आणि पुढे ए४ खेळून बी५ चे घरही बंद केले. त्याचा उंट पुढे तीस खेळ्या पटावर होता आणि एकदाही नीट कामाला आला नाही. अडतिसाव्या खेळीत माझ्याकडे चार मिनिटे उरली असताना मी जिंकण्याचा मार्ग चुकवला आणि डाव बरोबरीत सुटला. तरीही वर्षभरातील डावांमध्ये मी हा डाव सर्वांत वर ठेवते. वेळेची अडचण खरी आहे. चार मिनिटे देण्याची सवय पहिल्या पंधरा खेळ्यांत वापरल्याने शेवटी घड्याळ अपुरे पडते, म्हणून आता ओपनिंगमधील ठरलेल्या मारामारींना हा नियम लावायचा नाही असे ठरवले आहे.

तिसऱ्या स्पर्धेत माझे साडेपाच गुण झाले, आधीच्या दोन्ही स्पर्धांत मिळून साडेसात होते. नऊ डावांवरून काही सिद्ध होत नाही हे मान्य करूनही हा फरक मला आनंद देतो.

एक डाव मात्र अजून सुटलेला नाही. सत्ताविसाव्या डावात, म्हणजे तिसऱ्या स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत, मी पूर्ण साडेसहा मिनिटे विचार करून वजिरांची मारामार केली आणि पुढे हरले. इंजिन मारामार केली तरी ०.०० दाखवते आणि टाळली तरी ०.०० दाखवते. वहीतील कारण या वेळी भीतीचे नाही, त्यात उरलेल्या मोहऱ्यांची नीट तुलना केलेली आहे. मी ती स्थिती दोन्ही बाजूंनी सहा वेळा हाताने खेळून पाहिली. वजीर ठेवले तर पांढऱ्याचा राजा उघडा पडतो, मारले तर माझा घोडा दोन प्याद्यांमध्ये धावत राहतो. सध्या मी वजीर ठेवण्याच्या बाजूने झुकले आहे, आणि पुढच्या रविवारी खेळ्यांचा क्रम बदलून ती स्थिती सातव्यांदा मांडणार आहे.