माती कुठून आणता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या गच्चीवरचा दोडका, वांगी, मायाळूचा मांडव पाहून झाला की शेजारी, पाहुणे, अगदी गॅस सिलिंडर घेऊन येणारे दादासुद्धा हेच विचारतात: "एवढी माती तिसऱ्या मजल्यावर कुठून आणता?" आणत नाही, गळलेली पानं आणि ओला कचरा कुजवून इथेच करते. घरी बिनरासायनिक भाजी पिकवायची असेल तर बियाणं, कुंड्या, फवारे हे सगळं नंतर. आधी माती करायला लागा.

नर्सरीतली लाल माती मी घेत नाही. ती कुठल्या तरी टेकडीचा वरचा थर खरवडून आलेली असते. कुंडीत चार-सहा वेळा पाणी घातलं की विटेसारखी आवळून बसते, मुळांना हवा मिळत नाही. शिवाय वजन. ओली माती घनमीटरला १६०० ते १९०० किलो भरते, म्हणजे १५ सेंटीमीटरचा थर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जातो. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आपल्याकडच्या मानकांत (आयएस ८७५) चौरस मीटरला साधारण १५० किलोच भार धरलेला असतो. पालापाचोळ्याची माती त्याच जाडीला सुमारे निम्मीच भरते. तरीही इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाफे मांडू नका, आणि कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल आणि स्लॅब ओला राहणार नाही.

आता पानं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या कुठल्याही जुन्या रस्त्यावर पिंपळ, शिरीष, गुलमोहर यांची पानगळ सुरू असते. सकाळी झाडून ढीग लावतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याला काडी लावतात. घनकचरा नियमांनुसार कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे, तरी पहाटे धूर दिसतोच. मला त्या धुराचा मनापासून राग येतो. झाडाच्या कोरड्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा, म्हणजे हवेतून आणि पाण्यातून आलेला असतो. जमिनीतून घेतलेली खनिजं थोडीच, पण त्यातली बरीचशी गळलेल्या पानात असतात. आपण ते सगळं जाळतो आणि मग खताची पिशवी विकत आणतो! गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्री. अ. दाभोळकरांनी स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश यांच्या जोरावर थोड्या जागेत भरपूर पिकवण्याचा विचार महाराष्ट्रभर पोचवला. आज शहरांतल्या कितीतरी गच्च्यांवरच्या बागा त्याच विचारावर उभ्या आहेत.

आमच्या सोसायटीत झाडणाऱ्या मावशी आता पानांच्या गोण्या माझ्यासाठी बाजूला ठेवतात. फळांचा जाळीदार क्रेट घ्यायचा. तळाशी नारळाच्या शेंड्या, रसवंतीवाल्याकडून आणलेली उसाची चिपाडं मिळाली तर तीही. वर हाताने चुरलेली पानं, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, लगेच पुन्हा पानं. एक डबा कचऱ्याला दोन-तीन डबे पानं, असा माझा अंदाज. वाळक्या पानांत कार्बन जास्त, ओल्या कचऱ्यात नत्र जास्त; कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो. वास आला तर पानं कमी पडली असं समजा. ढीग नुसताच पडून राहिला तर पाणी कमी पडलंय. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक किंवा मूठभर जुनं खत घातलं की काम लवकर सुरू होतं. आंब्याची, फणसाची जाड पानं फार दिवस घेतात, ती वेगळ्या क्रेटात ठेवा.

पावसाळ्यात क्रेटात जाड, करड्या अळ्या वळवळताना दिसतील. इथे बरेच जण घाबरून सगळं फेकून देतात. कृपा करून फेकू नका. त्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या आहेत. त्या झाडाला, माणसाला काही करत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात. वरून पानांचा जाड थर द्या, दिसायच्या बंद होतील.

दोन-तीन महिन्यांत मूठभर उचलून हुंगून पाहा. पहिल्या पावसात जमिनीला येतो तो वास येईल. तो जिओस्मिनचा, मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेला. तो आला की बी टाकायला हरकत नाही.

"कीड लागत नाही का?" हाही प्रश्न असतो. लागते. घेवड्यावर मावा येतो, जास्वंदीवरून पिठ्या ढेकूण वांग्यावर उतरतो. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारायचं. पण मावा दिसल्या दिसल्या फवारणी करू नका, दोन-चार दिवस थांबा. ढालकिडे (लेडीबग) येऊन तो खाऊन टाकतात, आणि तेल त्यांच्या अळ्यांनाही बाधतं. कढीपत्त्यावरच्या फुलपाखराच्या अळ्यांना मी हातही लावत नाही. झाड पुन्हा फुटतं.

पैसे वाचतात का? पालेभाजी, मिरची, कोथिंबीर, अळू, पुदिना यांचे वाचतात. कांदे-बटाटे बाजारातूनच आणा. ऊन पाच-सहा तास नसेल तर टोमॅटोच्या नादी लागू नका, अळू आणि पुदिना लावा.

सुरुवात पानगळीतच करा, म्हणजे जूनमध्ये दोडका, भेंडी, लाल भोपळा टोकायला माती तयार असेल. आणि पानांच्या दोन-तीन गोण्या जास्तीच्या भरून छपराखाली कोरड्या ठेवा. पावसाळ्यात ओला कचरा रोज निघतो आणि रस्त्यावर मात्र एकही वाळकं पान मिळत नाही.