वाळूची पेटी, फिनाइल आणि कचऱ्याची गाडी

घरात मांजर व्याली की सुरुवातीला पिल्लांच्या शी-शूचा विचार कुणाच्याच मनात येत नाही, कारण ते सगळे मांजर स्वतःच चाटून साफ करते. यामागे केवळ स्वच्छता नसते. सुमारे तीन आठवड्यांची होईपर्यंत पिल्लांना आपण होऊन मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आईच्या जिभेच्या स्पर्शाने ते घडते. म्हणूनच आईवेगळे पिल्लू हाती आले, तर दर वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्याच्या शेपटीखालचा भाग हळुवार पुसावा लागतो, आणि तेही दूध गाईचे नव्हे, तर मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचे हवे; गाईच्या दुधाने त्यांना जुलाब लागतात.

मांजरीने सात घरे दाखवून झालेली असोत वा नसोत, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्ले घरभर फिरू लागतात आणि पायपुसण्यावर पहिला प्रसाद मिळतो. तेव्हा शी-शूसाठी दोन-तीन बोटे उंच काठाचा उथळ ट्रे ठेवावा. त्यात भरायला बाजारात सर्वाधिक खपणारी, ओल लागताच गुठळी होणारी बेंटोनाइट माती मात्र या वयात टाळलेली बरी, कारण पिल्ले दिसेल ते तोंडात घालतात आणि ही माती पोटात जाऊन फुगली तर आतडे तुंबण्याची भीती असते. दोन-अडीच महिन्यांपर्यंत कागदाच्या किंवा लाकडी भुशाच्या गोळ्या पुरतात. जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर पिल्लाला ट्रेमध्ये ठेवावे. उकरणे त्याच्या रक्तातच असते. चूक झाल्यावर त्याचे नाक त्यात घासणे हा निव्वळ दुष्टपणा आहे.

मोठ्या मांजरांसाठी जितकी मांजरे, त्याहून एक पेटी अधिक, असा सर्वमान्य हिशेब आहे. फ्लॅटमध्ये तो जमवणे अवघड, हे मान्य. पण मग दिवसातून दोनदा पेटी साफ करण्याचा आळस चालत नाही. सुवासिक वाळू आपल्या नाकासाठी असते, मांजराला ती सहसा आवडत नाही. पेटी नीट असूनही मांजर बाहेर घाण करू लागले, तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. विशेषतः बोका वारंवार पेटीत बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

आमच्या इंदूरला स्वच्छतेचा मोठा अभिमान, त्यामुळे पेटीही फिनाइलने धुण्याचा उत्साह बऱ्याच घरांत दिसतो. पण फिनाइलमध्ये बहुधा असणाऱ्या फिनॉलवर्गीय रसायनांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, आणि पंजाला लागलेले सारे ते चाटून पोटात घेते. साबणाचे पाणी आणि कडक ऊन एवढ्यावर काम भागते.

सून गरोदर राहिली की मांजर बाहेर काढा, असा सल्ला रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंत ऐकू येतो. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या आणि गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती खोटी नाही. पण विष्ठेतून पडलेले त्याचे जंतू संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. पेटी रोज साफ केली, ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी केले आणि मांजराला कच्चे मांस दिले नाही, तर धोका फारच कमी होतो. या काळात पेटी मुलाने साफ करावी, हे सासूबाईंनी सांगितले तर अधिक परिणाम होतो.

राहिला वापरलेल्या वाळूचा प्रश्न. ती ओल्या कचऱ्यात मुळीच टाकू नये. शहराचा ओला कचरा देवगुराडियाला जातो, जिथे 2022पासून दररोज 550 टन क्षमतेचा, कचऱ्यापासून गॅस बनवणारा बायो-सीएनजी प्रकल्प आहे. त्यात चिकणमाती आणि मांजराची विष्ठा कशाला? आम्ही ती कागदात गुंडाळून, पिशवीची गाठ मारून, कचऱ्याच्या गाडीतल्या डायपर टाकण्याच्या वेगळ्या कप्प्यात देतो. शौचालयात ओतली तर नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवावे लागेल.