आजीच्या चौकटीची टेलिकास्टर

गावचं घर पाडलं तेव्हा दाराची सागवानी चौकट मी पुण्याला घेऊन आलो, दोन वर्षं गॅलरीत उभी होती, आणि या मार्चमधे ठरवलं की हिची इलेक्ट्रिक गिटार करायची. डिझाईन टेलिकास्टर या गिटारचं घेतलं कारण लिओ फेंडरने १९५० च्या सुमारास ते काढलं तेच मुळी सपाट फळी आणि स्क्रूने बसवलेला नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, असं, घरातल्या राउटर-ड्रिलवर आणि हाताच्या अवजारांवर होण्यासारखं.

आधी चुंबक फिरवून मोडलेले खिळे शोधले, मग चार तुकडे रंधून ४५ मिमी जाडीचे केले, फेव्हिकॉल लावून शिकंजे आवळले आणि दुसऱ्या दिवशी रंधा मारताना एक सांधा उघडला. आमच्या बिल्डिंगमधे काम करणारे सुतारकाका म्हणाले, "अरे सागवान तेलकट असतं, थिनरने पूस आणि लगेच चिकटव, वेळ घालवू नको." तसं केलं, आता तो सांधा शोधावा लागतो.

खरा वेळ गेला नेकवर. स्केल, म्हणजे नटपासून (दांड्याच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खालची तारा टेकतात ती घोडी) तारेची लांबी, ६४८ मिमी. पहिल्या फ्रेटसाठी (फ्रेट म्हणजे दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) ६४८ ला १७.८१७ ने भागायचं, ३६.३७ मिमी येतात, मग उरलेल्या लांबीला परत तेच. मी प्रत्येक खूण आधीच्या फ्रेटपासून मोजत गेलो, प्रत्येक वेळी थोडा थोडा फरक साचला आणि बारावा फ्रेट ३२४ ऐवजी ३२६ वर आला, फ्रेट बसवायची शिसमची अख्खी पट्टी वाया. दुसऱ्या पट्टीवर सगळी मापं नटपासूनच घेतली, मोजपट्टी एकदा चिकटपट्टीने बसवली ती शेवटपर्यंत हलवलीच नाही. तुम्ही करणार असाल तर एवढं नक्की पाळा.

तारा चढवल्या तर सातव्या-आठव्या फ्रेटवर झरझर. तंबोऱ्याला हीच झरझर हवी म्हणून मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात, इथे मात्र ती घालवायची होती. सहा तारांचा मिळून ४० किलोच्या आसपास ताण असतो, त्यामुळे आधी नेकच्या आतली लोखंडी सळी, ट्रस रॉड, पाव-पाव आटा फिरवून नेक सरळ केला, मग तारा काढून फ्रेटच्या माथ्यावर मार्कर फासला, सरळ पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून हलक्या हाताने घासलं, जिथे शाई राहते तो फ्रेट खाली. सगळे एका पातळीत आले की कानशीने परत गोल करायचे. तीन संध्याकाळी गेल्या, पण त्यानंतर प्रत्येक स्वर स्वच्छ लागला आणि मी बराच वेळ एकच स्वर वाजवत बसलो होतो.

अँपला लावल्यावर घूं आवाज यायचा तो ब्रिजची अर्थ वायर राहिल्यामुळे. ब्रिज काढला, आवाजाची बटणं बसतात त्या कंट्रोलच्या खोबणीपर्यंत ३ मिमीचं तिरकं भोक पाडलं, वायर ओढून ब्रिजखाली दाबली, घूं बऱ्यापैकी गेला.

आता पॉलिश राहिलंय. स्पिरिटमधे चपडा (लाखेचे पापुद्रे) भिजत घातलाय, पण दमट हवेत तो पांढरट पडतो म्हणून पावसाची उघडीप बघतोय. काकांनी तोपर्यंत कोरड्या फडक्याने रोज पुसत जा म्हणून सांगितलंय. चौकटीच्या उजव्या बाजूला आजी हळदीकुंकवाची बोटं लावायची, तिथला फिकट डाग पिकअपच्या (तारांचा कंप पकडणारा चुंबकी भाग) वर आलाय, त्याच्यावर मी पॉलिश पेपर फिरवलेला नाही.