बारा फुटी सांगाडा, आकाशकंदील आणि एचओएचा फॉर्म

अमेरिकेत टाउनहाऊसमध्ये, म्हणजे ओळीने जोडलेल्या घरांपैकी एकात, राहत असाल आणि हॅलोवीनला (31 ऑक्टोबर) घराबाहेर सजावट करायची असेल तर एचओएचे, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या सोसायटीचे, नियम ऑगस्टमध्येच काढून वाचा. सप्टेंबर नाही, ऑगस्ट. भोपळे, लाइट, वटवाघळं हे सगळं एका वीकेंडात उरकतं, अडतं ते फक्त परवानगीपाशी. आमचं 2024 साली अडलं होतं आणि अजून तो विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

आम्ही न्यू जर्सीत. होम डेपो या घरसामानाच्या दुकानसाखळीने 2020 मध्ये काढलेला तो बारा फुटी सांगाडा तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल, 299 डॉलरचा, लोक त्यासाठी वेडे झाले होते. आमच्या मैत्रिणीने तेव्हा हौसेने घेतला आणि मग वर्षाचे अकरा महिने तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला, गॅरेजमध्ये गाडी राहीना. तिने आम्हाला देऊ केला. मुलं खूश, नवरा खूश, आणि मी म्हटलं रीतसर विचारून लावूया, नंतर दंडाचं पत्र नको.

तर फॉर्म. सजावटीसाठी वेगळा फॉर्मच नाही. डेक बांधा, दाराचा रंग बदला, नाहीतर महिनाभरासाठी प्लॅस्टिकची हाडं उभी करा, फॉर्म एकच. त्यात कॉन्ट्रॅक्टरचं नाव आणि त्याच्या इन्शुरन्सचं सर्टिफिकेट. कॉन्ट्रॅक्टर कुठला, मी आणि नवरा शिडी लावून उभा करणार, तसंच लिहिलं, तर अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून परत. मग घराच्या प्लॉटचा नकाशा हवा, तो घर घेतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात सापडला. मग दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या. डावीकडच्या आजींनी लगेच दिली वर कुकीज पण दिल्या, उजवीकडचं घर भाड्याने दिलेलं, मालक दुसऱ्या राज्यात, भाडेकरूची सही चालत नाही म्हणे. एचओएचं काम बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीला फोन केला की बाई एकच वाक्य बोलायची, पोर्टलवर स्टेटस बघा. पोर्टलवर स्टेटस काय, तर ‘अंडर रिव्ह्यू’. आणि कमिटी बसते महिन्यातून एकदा! ही तारीख कुठेही ठळक लिहिलेली नसते, जुन्या मीटिंगच्या मिनिट्समधून, म्हणजे इतिवृत्तांतून, मी शोधून काढली. हे आधी करा, बाकी सगळं नंतर. मीटिंग चुकली की सरळ पुढचा महिना, आणि हॅलोवीन काही तुमच्यासाठी थांबत नाही.

शेवटी उत्तर आलं की आठ फुटांच्या वर काहीही नको, आणि पुढचं लॉन तुमचं नाहीच, ते कॉमन एरिया. म्हणजे गवत त्यांचं, माझा काय तो पोर्च आणि खिडकीखालचा फुलांचा वाफा. साइडिंगला, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या आवरणाला, खिळा मारायचा नाही, छतावर काही चढवायचं नाही.

यात आणखी एक गंमत. त्या वर्षी महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं पण इथल्या पंचांगाप्रमाणे ते आलं 31 ऑक्टोबरलाच, हॅलोवीनच्याच संध्याकाळी. म्हणून मी त्याच अर्जात आकाशकंदीलही टाकला होता. त्यांच्या यादीत सणाचे दिवे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून पुढे चालतात, दिवाळी यादीतच नाही, त्यामुळे कंदिलाला ‘हँगिंग फिक्स्चर’ ठरवून वॅटेज विचारलं. कागदाच्या कंदिलाचं वॅटेज! आतल्या बल्बचं लिहून पाठवलं. माझी आई तेव्हा साताऱ्याहून आलेली, ती म्हणाली, “अगं, लक्ष्मी यायच्या दिवशी दारात हाडं कोण लावतं?” तिला काय सांगणार, हाडांनाच परवानगी मिळत नव्हती.

तोडगा नवऱ्याने काढला आणि मला त्याचा अजून अभिमान आहे. सांगाडा पूर्ण जोडायचाच नाही. कमरेपासून वरचा भाग वाफ्यात, जमिनीतून बाहेर येतोय असा. आठ फुटांच्या आत आरामात. खाली सळई ठोकून, घट्ट बांधून, भोवती पालापाचोळा. पूर्ण उभ्या सांगाड्यापेक्षा हा जास्त भयानक दिसत होता, दारोदार कँडी मागत फिरणारी मुलं लांबूनच थबकायची. परवानगीचं ईमेल आलं तेव्हा मी किचनमध्ये खरंच ओरडले.

घराच्या आत आईचा एकच नियम, देवघर दिसेल तिथे कवटी नको. मग आत काळ्या कागदाची वटवाघळं कापून जिन्याच्या भिंतीवर पेंटर्स टेपने लावली, तो टेप काढताना रंग निघत नाही. केशरी लाइटच्या माळा दोन्ही सणांना चालल्या. कोळ्याची ताणायची जाळी आतच लावा, बाहेर झुडपांवर ताणली की पक्षी अडकतात, शिवाय ते धागे नंतर निघता निघत नाहीत.

भोपळे फार आधी कोरू नका. त्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही आणि हॅलोवीनला चक्क उन्हाळ्यासारखं गरम होतं, आधी कोरलेले आतून बुरसून बसले असते. आम्ही एक-दोन दिवस आधी कोरले, तरी खारींनी एकाचं नाक खाल्लं. आणि कोरायच्या त्या मोठ्या भोपळ्याचे घारगे करायला जाऊ नका, पाणचट लागतो, घारग्यांसाठी ‘पाय पंपकिन’ (pie) म्हणून मिळणारा छोटा भोपळा आणा.

पायरीवर खऱ्या पणत्या ठेवायचा मोह होईल, पण मुलांचे कॉस्च्युम लांब आणि सिंथेटिक असतात, त्यात तो कोरडा पाला. आम्ही बॅटरीच्या पणत्या लावल्या, खऱ्या आत देवापुढे. लाइट बाहेर लावताना एक्स्टेन्शन कॉर्ड आउटडोअरचीच घ्या. हो, आणि राहिलंच, एखादा भोपळा मोरपंखी निळा रंगवून दारात ठेवा, म्हणजे ज्या मुलांना नट्सची वगैरे अ‍ॅलर्जी असते त्यांना कळतं की या घरी कँडीऐवजी स्टिकर, पेन्सिल असलं काही मिळेल. हे इथे 2014 पासून देशभर चालू आहे. आमच्याकडे मुलं एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात आईने दिलेली शंकरपाळ्यांची पुडी घेऊन गेली (पुड्या फक्त ओळखीच्या मुलांना, आईबाबांना विचारून).

परवानगीच्या ईमेलमध्ये खाली बारीक अक्षरात होतं की सण संपल्यावर आठवड्याच्या आत सगळं काढा. सांगाडा वेळेत मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये परत गेला. कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवू का विचारलं, तर त्यासाठी नवीन अर्ज करा असं उत्तर. मी कंदील काढला आणि हॉलच्या खिडकीत आतल्या बाजूने टांगला. रस्त्यावरून अगदी छान दिसत होता, आणि खिडकीच्या आतलं काही विचारणारा कॉलम त्यांच्या फॉर्ममध्ये अजून तरी नाही.