‘गळती नाही’ असे लिहिण्याआधी: टर्बाइनच्या इंधन स्किडची तपासणी

इंधन स्किडच्या (पोलादी चौकटीवर बसवलेल्या इंधनाच्या पाइप-व्हॉल्व्हच्या संचाच्या) तपासणी अहवालात पुष्कळदा एकच ओळ आढळते: ‘२० बार, ३० मिनिटे, काटा स्थिर, गळती नाही.’ म्हणजे स्किडमध्ये वातावरणाच्या सुमारे वीसपट दाबाने वायू भरून अर्धा तास बंद ठेवला आणि दाबमापकाचा, म्हणजे गेजचा, काटा हलला नाही. या ओळीतली पहिली तीन विधाने खरी असली, तरी त्यांच्यावरून चौथे विधान सिद्ध होत नाही, हे मला येथे नीट मांडायचे आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये औद्योगिक गॅस टर्बाइनना इंधन पुरवणाऱ्या नळ्या, मॅनिफोल्ड (एका नळीतले इंधन अनेक नळ्यांत वाटणारा भाग) आणि लहान स्किड जोडून, तपासून पाठवले जातात. मराठवाड्यात वीजनिर्मिती म्हटले की परळी वैजनाथचे कोळशावरचे केंद्र आठवते. गॅस टर्बाइनचे मोठे केंद्र पाहायचे तर रायगड जिल्ह्यात उरणला जावे लागते. त्यामुळे आमच्याकडे कामाला लागणाऱ्या मुलांनी टर्बाइन प्रत्यक्ष पाहिलेले नसते आणि आपण घट्ट करत असलेल्या नटाच्या पलीकडे काय आहे, हे त्यांना सांगावे लागते.

पलीकडे जे आहे ते असे. ज्वलनकक्षात कॉम्प्रेसरने दाबलेली हवा आधीच भरलेली असते, म्हणून इंधनवायूचा दाब तिच्यापेक्षा जास्त ठेवावा लागतो. तो साधारण २० ते ४० बारच्या दरम्यान असतो. हा वायू फिल्टर, द्रव वेगळे करणारे भांडे, बंद करणारे व्हॉल्व्ह, प्रवाह नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड आणि लवचीक होज या क्रमाने नोझलपर्यंत, म्हणजे ज्वलनकक्षात इंधन सोडणाऱ्या तोंडापर्यंत, पोहोचतो. या वाटेवर फ्लँज, ट्यूब फिटिंग, उपकरणांच्या बारीक नळ्या आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांची पॅकिंग असे कितीतरी सांधे येतात, आणि शेवटचे सांधे तर तापलेल्या केसिंगला अगदी लागून असतात. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के झाले की ठिणगी पुरते. टर्बाइन ध्वनिरोधक कप्प्यात बंद असते, त्यामुळे वायुवीजन बंद पडले तर बारीक गळतीचा वायूही तिथेच साठत जातो.

आता त्या ओळीकडे येऊ. समजा, स्किडची आतली एकूण जागा ५०० लिटर आहे, दाब २० बार आहे आणि अर्ध्या तासात दाब ०.२ बारने उतरला. म्हणजे वातावरणाच्या दाबाला मोजल्यास सुमारे १०० लिटर वायू बाहेर गेला. ताशी २०० लिटर. ही गळती किरकोळ नाही, ती हाताला जाणवेल इतकी मोठी आहे. परंतु ० ते ४० बारच्या नेहमीच्या गेजवर एक बारीक घर बहुधा एक बारचे असते आणि त्या घराचा पाचवा हिस्सा डोळ्याने ओळखणे जवळजवळ अशक्य आहे. तपासणाऱ्याने प्रामाणिकपणे ‘काटा स्थिर’ असे लिहिले, तरी गळती चालूच असते. हीच गळती पाच लिटर जागेच्या एखाद्या नळीत असती, तर काटा पहिल्याच मिनिटात अर्ध्या बारहून अधिक खाली आला असता. म्हणून आतली जागा किती, हे लिहिल्याशिवाय दाब आणि वेळ यांना अर्थ उरत नाही. मोठ्या जागेला जास्त वेळ द्यावा लागतो किंवा बारीक फरक दाखवणारा डिजिटल गेज लावावा लागतो. याहून चांगला मार्ग म्हणजे स्किडचे ब्लाइंड (वाट बंद करणाऱ्या चकत्या) लावून भाग पाडणे आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे धरून पाहणे. यात वेळ जातो, ब्लाइंड लावलेले सांधे नंतर पुन्हा तपासावे लागतात, आणि तरीही माझा कल याच पद्धतीकडे आहे.

दुसरी अडचण उन्हाची आहे, आणि ती आमच्या भागात पुण्या-मुंबईपेक्षा अधिक जाणवते. बंद भांड्यातल्या वायूचा निरपेक्ष दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. गेज वातावरणाचा एक बार धरत नाही, म्हणून गेजवरचे २० बार म्हणजे निरपेक्ष २१ बार, आणि २५ अंश सेल्सिअस म्हणजे २९८ केल्व्हिन. त्यामुळे तापमान एक अंशाने वाढले की दाब सुमारे ०.०७ बारने वाढतो. वर घेतलेल्या उदाहरणातली ०.२ बारची गळती झाकायला अवघी तीन अंशांची वाढ पुरते. मे महिन्यात सकाळी आठ ते साडेआठ या अर्ध्या तासात उघड्यावर ठेवलेल्या पोलादी पाइपचे तापमान तीन अंशांनी सहज वाढते. उलट बाजूही तितकीच फसवी आहे: दुपारी ४८ अंशांवर तापलेल्या स्किडमध्ये वायू भरला आणि सायंकाळी स्किड ३० अंशांवर आला, तर एकही सांधा न गळता काटा सुमारे १.२ बारने खाली येतो आणि मग दोन माणसे रात्रभर नसलेली गळती शोधत बसतात.

नवा मुलगा एकदा कौतुकाने म्हणाला, “मामा, काटा तर वर चाललाय, म्हणजे घट्टच हाय की.” आमचे जुने फिटर, ज्यांना सगळे शेड मामा म्हणते, त्यांनी उत्तर दिले, “वर चाललाय म्हणूनच थांब. पायपाला ऊन लागतंय. उद्या पहाटं बघू.” पहाटेची वेळ निवडण्यामागे हेच शास्त्र आहे: सूर्योदयाच्या आधीच्या एक-दोन तासांत पाइपचे तापमान सर्वांत कमी बदलते. वायू आदल्या सायंकाळी भरून ठेवावा, कारण भरताना आतल्या वायूचे तापमान बदललेले असते आणि ते पाइपच्या बरोबरीला यायला वेळ लागतो. पहाटे पाइपच्या पृष्ठभागावर किमान दोन ठिकाणी, शक्यतो एक छायेच्या बाजूला आणि एक उघड्या बाजूला, तापमापक चिकटवून सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे घ्यावेत, आणि दाबाचा हिशेब केल्व्हिनमध्येच करावा. हवेचे तापमान लिहून भागत नाही. पाइप आणि हवा यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक आमच्याकडे सर्रास असतो.

कशाने तपासावे, हा प्रश्न लगेच येतो. पाण्याची चाचणी सुरक्षित असते. ५०० लिटर नायट्रोजन २० बारला दाबला की त्यात सुमारे १५ लाख ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे साधारण एक तृतीयांश किलो टीएनटीइतकी. पाण्यात त्याच दाबाला साठणारी ऊर्जा त्याच्या हजारो पटींनी कमी असते, कारण पाणी जवळजवळ दबतच नाही. म्हणून पाइपची ताकद पाहण्यासाठी एएसएमई बी३१.३ या पाइपिंग संहितेत पाण्याची चाचणी रचना-दाबाच्या (पाइप ज्या दाबासाठी आखला त्या दाबाच्या) किमान दीडपटीने आणि वायूची चाचणी किमान १.१ पटीने करावी असे आहे, आणि वायूच्या चाचणीत आधी कमी दाबावर प्राथमिक तपासणी करून मग पायरीपायरीने दाब वाढवायचा असतो. मात्र पाण्याने ताकद कळते, बारीक गळती कळेलच असे नाही; जिथून पाण्याचा थेंबही येत नाही तिथून वायू निघून जाऊ शकतो. त्यात आमच्याकडच्या पाण्याचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात वसाहतीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते, ते जड असते आणि त्यात क्लोराइड किती आहे हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. स्टेनलेस पाइपसाठी क्लोराइडची मर्यादा सहसा ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) धरतात. त्याहून अधिक क्लोराइडचे पाणी आत सुकले, तर पुढे पाइपला सूक्ष्म तडे जाण्याची भीती असते. शिवाय वळणात राहिलेला ओलावा आणि गंज शेवटी नोझलपर्यंत जातो. त्यामुळे ताकदीची चाचणी सुटे स्पूल (जोडण्याआधीचे पाइपचे तुकडे) असताना चांगल्या पाण्याने करावी, पाइप पूर्ण सुकवावेत, आणि जोडलेल्या स्किडची गळती तपासणी कोरड्या नायट्रोजनने करावी, असा आमचा क्रम आहे.

नायट्रोजन ज्वलनशील नाही म्हणून तो निर्धोक मानण्याची सवय मला फार काळजीची वाटते. वरच्या उदाहरणातला स्किड रिकामा करताना सुमारे १० घनमीटर नायट्रोजन बाहेर पडतो. चार बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंचीच्या बंद खोलीत तो सोडला, तर तिथला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १७ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि माणसाला याची कोणतीही सूचना मिळत नाही. रिकामा करण्याची नळी शेडबाहेर नेलीच पाहिजे. सिलिंडर आणि स्किड यांच्यामध्ये रेग्युलेटरसोबत सेफ्टी व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, आणि दाबाखाली असताना कोणताही नट आवळू नये. गळती दिसली की दाब शून्यावर आणावा, मगच पाना लावावा. ‘थोडंच आवळतो’ या शब्दांनंतर फिटिंग निसटून माणसे जखमी होतात.

दाब उतरतो आहे हे कळले तरी गळती कुठे आहे हे कळत नाही. त्यासाठी सांध्यावर फेस लावावा लागतो. घरगुती साबणाऐवजी गळती शोधण्यासाठी तयार मिळणारे क्लोराइडविरहित द्रव वापरावे. उन्हात तापलेल्या सांध्यावर हे द्रव क्षणात सुकते आणि बारीक बुडबुडा तयार होण्याआधीच नाहीसा होतो, म्हणून हेही काम सकाळचेच. संहितेतल्या संवेदनशील गळती चाचणीचा दाब फार मोठा नसतो. रचना-दाबाच्या पाव भाग किंवा सुमारे एक बार, यांपैकी जो कमी असेल तेवढा तरी तो असावा लागतो. आमचा अनुभव असा की काही सांधे कमी दाबाला गळतात आणि दाब वाढला की गॅस्केट बसून बंद होतात, म्हणून दोन्ही दाबांवर पाहावे. ग्राहकाची मागणी अधिक कडक असेल तर नायट्रोजनमध्ये हेलियम मिसळून मास स्पेक्ट्रोमीटरने शोध घेता येतो, पण तो खर्चाचा मार्ग आहे.

ट्यूब फिटिंगमध्ये दोष बहुधा हाताचा असतो. दुहेरी फेरुलच्या (नळीला आवळून धरणाऱ्या दोन कड्यांच्या) फिटिंगमध्ये नळी तळापर्यंत टेकवून, नट बोटाने घट्ट करून, मग बहुतेक मापांना सव्वा फेरा द्यायचा असतो, आणि तो मोजता यावा म्हणून नटावर आधी खूण करायची असते. नट पुरेसा आवळला नसेल तरी असा सांधा तपासणीत टिकतो आणि टर्बाइनच्या कंपनांत निघतो. त्यामुळे अंतर पाहणारी पट्टी, म्हणजे गॅप गेज, प्रत्येक नटाला लावावी. टेफ्लॉन टेपला इंधनवाहिनीत माझा ठाम विरोध आहे. तिचा सुटलेला तंतू नोझलच्या छिद्रात अडकला की त्या कक्षाचे ज्वलन बिघडते.

आतापर्यंत बाहेर जाणाऱ्या गळतीविषयी लिहिले. आतल्या आत, बंद व्हॉल्व्हच्या सीटमधून पुढे सरकणारी गळती मला अधिक भयंकर वाटते, कारण ती फेसाने दिसत नाही. टर्बाइन थांबलेले असताना वायू सीटमधून ज्वलनकक्षात आणि तिथून पुढे एग्झॉस्टमध्ये व बॉयलरमध्ये झिरपत राहिला, तर पुढच्या प्रज्वलनाला तो एकदम पेटतो. याच कारणासाठी दोन बंद व्हॉल्व्ह आणि त्यांच्यामध्ये हवेत उघडणारा व्हेंट अशी रचना करतात, आणि अनेक टर्बाइनची नियंत्रण प्रणाली सुरू होताना आपणहून चाचणी घेते. आधी मधला भाग रिकामा ठेवून दाब चढतो का पाहते. चढला तर वरचा, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूचा, व्हॉल्व्ह गळतो. मग तो भाग भरून बंद करते आणि दाब उतरतो का पाहते. उतरला तर खालचा, म्हणजे टर्बाइनच्या बाजूचा, व्हॉल्व्ह किंवा व्हेंट गळतो. एग्झॉस्टला उष्णता परत मिळवणारा बॉयलर जोडलेला असेल, तर प्रज्वलनाआधी आतली हवा किमान पाच वेळा बदलली जाईल इतका वेळ टर्बाइन इंधनाविना फिरवतात. शेडमध्ये आम्ही हीच दोन पायऱ्यांची चाचणी हाताने करतो, आणि मधल्या भागाची जागा लहान असल्यामुळे इथे गेज खरोखर विश्वासाने बोलतो.

तपासणीसाठी किंवा सफाईसाठी इंधनवायूच वापरण्याचा मोह कुठेही होऊ नये. ७ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन येथे, बांधकाम चालू असलेल्या क्लीन एनर्जी या वीजकेंद्रात टर्बाइनकडे जाणाऱ्या पाइपमधली घाण उच्च दाबाच्या नैसर्गिक वायूने उडवून काढली जात होती. बाहेर सोडलेला वायू इमारतींच्या मध्ये साठला, पेटला आणि सहा कामगार गेले. हे काम हवेने किंवा नायट्रोजनने होऊ शकले असते. समृद्धी महामार्गालगतच्या गॅसवाहिनीमुळे आपल्या भागातही नैसर्गिक वायू वापरणारे कारखाने वाढतील, आणि नव्या पाइपमधून पहिल्यांदा वायू सोडणाऱ्या प्रत्येकाला ही घटना माहीत असावी, असे मला मनापासून वाटते.

डिझेलवर चालू शकणाऱ्या टर्बाइनची द्रव बाजू थोडक्यात. भारतीय मानकानुसार हायस्पीड डिझेलचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दुपारची हवाच त्याहून गरम असते, म्हणून सांडलेले डिझेल इथे पेट्रोलच्याच काळजीने पुसावे. दाबाखालच्या बारीक छिद्रातून निघणारा डिझेलचा फवारा हाताने चाचपून शोधू नये. तो कातडीत शिरतो. केसिंगजवळच्या सांध्यांवर उष्णतारोधक लॅगिंग चढवण्याची घाई नेहमी होते, कारण उघडे पाइप काम अपुरे असल्यासारखे दिसतात. लॅगिंगमध्ये डिझेल मुरले की ते बाहेरून दिसत नाही आणि आतल्या आत तापत राहते. म्हणून त्या भागाच्या तपासणीपत्रावर सही झाल्याशिवाय लॅगिंगचा पहिला तुकडाही आम्ही शेडमध्ये आणू देत नाही.